धागा : २६ कॉम्प्युटर, एकच इमेज, आणि प्रत्येकापुढं बसून तीच ती उत्तरं

तूरडाळ_लातूर (३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४२)

राम राम मंडळी. जरा लांबड लागंल, चहा घेऊन बसा.

मी लातूरच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं बघतो. बघतो म्हणजे सगळंच बघतो. सर्व्हर, वायरी, प्रिंटरची रिबन आणि मॅनेजर साहेबांच्या मुलाचा स्कॉलरशिपचा फॉर्मसुद्धा. मुख्य कार्यालयात १४ मशिनं, आणि औसा, निलंगा, चाकूर, उदगीर या शाखा मिळून १२. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपणार म्हणून संचालक मंडळानं मे महिन्यातच २६ नवी मशिनं मंजूर केली. १८ ब्रँडेड आणि ८ इथंच असेंबल केलेली, कारण पैसे तिथं संपले.

जूनमध्ये मी एक मशीन नीट भरलं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, ऑफिस, टॅली, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, जुन्या पत्रांसाठी डीव्ही-टीटी सुरेख फाँट, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर. मग क्लोनझिला या डिस्क कॉपी करायच्या टूलनं त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली आणि पेनड्राइव्ह फिरवून उरलेल्या २५ वर ओतली. नावं तेवढी हातानं बदलली. चार दिवसांत मोकळा. अध्यक्ष साहेबांनी बैठकीत नाव काढलं, मी खूश.

सप्टेंबर अर्धा सरला आणि काउंटर दोनवरून हाक आली, 'पासबुक निघंना.' प्रिंटर काउंटर एकला जोडलेला, तिथून शेअर केलेला. काउंटर दोनवरून उघडलं की यूजरनेम-पासवर्ड मागतं. बरोबर टाकला तरी परत मागतं. पासवर्ड बदलला, फायरवॉल बंद करून बघितली, शेअरिंगच्या सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. शेवटी इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये ६१६७ नंबरची नोंद सापडली. मशीन आयडी अर्धवट जुळत नाही, असा मतलब.

मग दोन मशिनं शेजारी शेजारी ठेवून कमांड प्रॉम्प्टला 'हू-ॲम-आय स्लॅश यूजर' मारलं. एस-१-५-२१ आणि त्यापुढं तीन लांबलचक आकडे. डावीकडचे आकडे मी मोठ्यानं वाचतोय आणि आमचे शिपाई मामा उजवीकडच्या पडद्यावर बोट फिरवत 'हां... हां... हां...' करतायत. तिन्ही आकडे जसेच्या तसे. मामा म्हणाले, 'साहेब, हे तर जुळे हायत की.'

जुळे कसले मामा, सव्वीस हायत.

आता सगळं परत करायचं आहे. ते करायला माझी ना नाही. पण या वेळी सिसप्रेप (मशीनची ओळख पुसून इमेजसाठी तयार करणारं विंडोजचं टूल) करून इमेज घेतली की पहिल्यांदा चालू होताना प्रत्येक मशीन विचारणार: देश कोणता, कीबोर्ड कोणता, दुसरा कीबोर्ड हवा का, वायफाय जोडा, करार मान्य करा, खातं उघडा, ठिकाण कळवू का. हे सगळं आपोआप व्हावं, नावासकट. कुणी केलंय का? सध्या काउंटर दोनची मुलगी प्रत्येक पासबुक घेऊन उठून काउंटर एकला जाते आणि जाताना माझ्याकडं बघते.

वायरमन_परभणी (३ नोव्हेंबर, रात्री ११.०५)

कामून एवढा व्याप मालक? २६च तर हायत. बसा एक दिवस, दाबा नेक्स्ट नेक्स्ट.

तूरडाळ_लातूर (३ नोव्हेंबर, रात्री ११.१४)

जूनमध्ये मास्टरवर, म्हणजे त्या पहिल्या मशीनवर, घड्याळ लावून बघितलं होतं. प्रश्नोत्तरं, खातं, नाव, रीस्टार्ट, प्रिंटर जोडणं धरून एका मशीनला २० मिनिटं. २६ गुणिले २० म्हणजे पावणेनऊ तास, ते पण न चुकता. आणि विसावं मशीन येईस्तोवर माणूस काय दाबतोय हे त्यालाच कळत नाही. मागच्या वेळी चाकूरच्या एका मशीनचं नाव मी 'निलंगा३' ठेवलं होतं. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

जुनाजाणता_संभाजीनगर (४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०)

तुमचे ते एस-१-५-२१ वाले आकडे म्हणजे एसआयडी, मशीनचा ओळख क्रमांक. एसआयडीचं हे भूत फार जुनं आहे. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविच यांनी २००९ साली एसआयडी बदलणारं स्वतःचंच न्यूएसआयडी हे टूल मागे घेतलं आणि सांगितलं की दोन मशिनांचा एसआयडी सारखा असल्यानं व्यवहारात काही बिघडत नाही. वाळूजच्या कारखान्यांत मी पंधरा वर्षं क्लोन टाकतोय, कधी काही झालं नाही. तुमचा प्रॉब्लेम दुसराच कुठला तरी असणार. नेटवर्क प्रोफाइल पब्लिक झालंय का, ते बघा.

गोदाकाठ_नांदेड (४ नोव्हेंबर, सकाळी ९.१२)

जाणते दादा, तुमचं २००९ चं खरं आहे, पण २०२५ मध्ये नियम बदलला. २९ ऑगस्टला आलेल्या अपडेटपासून पुढं विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आणि सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची जादा तपासणी घातली आहे. दोन मशिनांचा एसआयडी एकच असला तर त्यांच्यातलं केर्बेरॉस आणि एनटीएलएम दोन्ही ओळखपरेड नापास होते. पासवर्ड बरोबर असला तरी. शेअर फोल्डर उघडत नाही, शेअर प्रिंटर चालत नाही, रिमोट डेस्कटॉप नाकारतं. ६१६७ ही त्याचीच खूण. हा बग नाही, मुद्दाम केलेला बदल आहे. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं सरळ आहे: सिसप्रेप न करता क्लोन टाकणं आम्हाला कधीच मान्य नव्हतं. एक तात्पुरती ग्रुप पॉलिसी आहे, ती त्यांच्या सपोर्टकडं मागावी लागते. कायमचा इलाज म्हणजे मशिनं रीतसर नव्यानं बांधणं.

तूरडाळभाऊ, सप्टेंबर अर्धा सरल्यावर बिघडलं म्हणालात ना? ९ सप्टेंबरचं महिन्याचं अपडेट बसलं असणार. तारीख जुळते.

जुनाजाणता_संभाजीनगर (४ नोव्हेंबर, दुपारी १.४०)

वाचून आलो. शब्द मागे घेतो. आमच्याकडं सगळं अजून २३एच२ वर आहे म्हणून झळ लागली नव्हती. आता माझीच रांग लागणार असं दिसतंय.

बरं, मग रीत सांगतो. पंधरा वर्षांत जी शिकलो पण आळसानं पाळली नाही ती.

मास्टर खऱ्या मशीनवर बनवू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, बनवा. कारण एकच, स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे त्या घडीची प्रत ठेवून परत तिथं येता येतं. सिसप्रेप करायच्या आधी स्नॅपशॉट, मग सिसप्रेप. पुढच्या वर्षी ऑफिसची आवृत्ती बदलली की स्नॅपशॉटवर मागे या, बदल करा, परत सिसप्रेप. त्याच त्या इमेजवर सिसप्रेपवर सिसप्रेप करत राहिलात की कचरा साठतो. पूर्वी विंडोज ७ ला तीनदाच मुभा होती, आता १००१ वेळा आहे म्हणतात, पण मुभा आहे म्हणून वापरायची नसते. व्हर्च्युअल डिस्क लहानात लहान ठेवा. क्लोनझिला इमेज लहान डिस्कवर सहजी ओतत नाही. तुमच्या असेंबल मशिनांत २४० जीबीच्या एसएसडी असतील आणि मास्टर २५६ चा असेल तर तिथंच अडाल.

स्थापना झाल्यावर देश विचारणारा पहिला पडदा आला की खातं उघडू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये जातं, अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतं. सगळं सॉफ्टवेअर तिथंच भरा. सिसप्रेपची छोटी खिडकी समोर येते, ती बंद करून ठेवा, घाई नको.

आणि नेटची वायर काढून ठेवा. कामून ते तुम्हाला लवकरच कळंल.

सीताफळ_बीड (४ नोव्हेंबर, रात्री ९.२०)

विंडोजच्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणाऱ्या आन्सर फाइलचं मी सांगते. आमच्या कार्यालयात ही भानगड मीच करते.

सिसप्रेपला तीन स्विच लागतात: जनरलाइज, ओओबीई आणि शटडाउन. जनरलाइज मशीनला स्वतःची ओळख विसरायला लावतं, एसआयडी तिथं जातो. ओओबीई म्हणजे पुढच्या वेळी नव्या मशीनसारखं चालू हो. चौथा स्विच अनअटेंड, त्यापुढं तुमच्या एक्सएमएल फाइलचा पत्ता. या फाइलमध्ये तुमची उत्तरं आधीच लिहिलेली असतात.

विंडोजची बसवणी सात टप्प्यांत होते आणि फाइलमधलं प्रत्येक उत्तर आपापल्या टप्प्यातच वाचलं जातं. तुमच्या कामाचे तीनच: जनरलाइज, स्पेशलाइज आणि ओओबीई-सिस्टम. मशीनचं नाव आणि वेळेचा पट्टा स्पेशलाइजमध्ये. भाषा, कीबोर्ड, खातं आणि कराराचा पडदा लपवणं ओओबीई-सिस्टममध्ये. नाव चुकून ओओबीईत लिहिलंत तर कुणी ओरडत नाही, नुसतं दुर्लक्ष होतं. तसंच प्रत्येक घटकापुढं एएमडी६४ (६४ बिटचं नाव) लिहिलेलं हवं, मशीन इंटेलचं असलं तरी. मी एकदा एक्स८६ चा, म्हणजे ३२ बिटचा, तुकडा कुठून तरी उचलून चिकटवला आणि अख्खी दुपार शोधत बसले.

फाइल हातानं लिहू नका. विंडोज एडीके या मायक्रोसॉफ्टच्या हत्यारसंचात सिस्टम इमेज मॅनेजर आहे, त्यात बनवा. त्याला इन्स्टॉल डॉट विम ही विंडोजच्या स्थापनेची फाइल लागते. डाउनलोड केलेल्या पेनड्राइव्हवर बहुतेक इन्स्टॉल डॉट ईएसडी असते, ती डिझम कमांडनं एक्सपोर्ट करून विम करून घ्या.

आता पतसंस्था म्हणून खास सांगते. यूजर लोकेल इंग्रजी-भारत ठेवा. अमेरिकेचं राहिलं तर तारीख महिना-दिवस अशी उलटी पडते. ४ ऑक्टोबरची मुदत ठेव १० एप्रिलची दिसली तर ठेवीदार काउंटरवर काय बोलतील ते मी लिहीत नाही. कीबोर्डला दोन नोंदी अर्धविरामानं जोडून द्या, इंग्रजी-भारत ४००९:००००४००९ आणि मराठी ०४४ई:०००००४४ई. म्हणजे इनस्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून खाली पट्टीत दिसेल. टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम', अक्षर न अक्षर तसंच.

एक गोष्ट कळकळीनं. फाइलमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लिहिता तेव्हा तो लपवायची सोय दिसते. ते कुलूप नाही, नुसता पडदा आहे. बेस६४ मध्ये उलटासुलटा लिहिलेला असतो, कुणीही दोन मिनिटांत वाचेल. विंडोज स्वतःच्या साठवलेल्या प्रतीतून पासवर्ड पुसतं, पण तुम्ही मूळ फाइल सी ड्राइव्हवर सोडलीत तर ती तशीच राहते. शेवटच्या स्क्रिप्टमध्ये ती उडवा.

खवा_भूम (४ नोव्हेंबर, रात्री ९.५८)

वाचतोय. सीताफळताई, तारखेचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्याकडं दूध संकलनाच्या बिलात अस्संच झालं होतं.

तूरडाळ_लातूर (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०)

रविवार सगळा यातच गेला. व्हर्च्युअल मशीन झालं, ऑडिट मोडमध्ये सगळं भरलं, सिसप्रेप मारलं. खिडकी आली: 'तुमची विंडोज स्थापना तपासता आली नाही, लॉग बघा.' लॉग म्हणजे सिस्टम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात पँथर, त्यात सेटअपॲक्ट. शेवटून वर वाचत गेलो. एका ॲपचं लांबलचक नाव आणि पुढं लिहिलंय की हे पॅकेज एका यूजरसाठी बसवलंय पण सगळ्यांसाठी तरतूद केलेलं नाही. मी तर स्टोअर उघडलंसुद्धा नव्हतं!

जुनाजाणता_संभाजीनगर (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०२)

नेटची वायर?

तूरडाळ_लातूर (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५)

...ऑफिसचं अपडेट घ्यायला दहा मिनिटं लावली होती.

जुनाजाणता_संभाजीनगर (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०)

तेवढी दहा मिनिटं पुरे झाली. स्टोअर मागच्या दारानं आपली ॲपं अपडेट करतं, नवी आवृत्ती फक्त चालू खात्यावर बसते आणि सिसप्रेप तिथं अडून बसतं. लॉगमध्ये ज्याचं नाव आलंय ते पॉवरशेलमधून काढा, रिमूव्ह-ॲपेक्सपॅकेज. परत सिसप्रेप. दुसऱ्याचं नाव येईल. तेही काढा. चार-पाच फेऱ्या होतात. नाहीतर स्नॅपशॉटवर मागे जा आणि ऑफिसचं अपडेट दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं द्या. मी असतो तर मागे गेलो असतो.

खऱ्या मशीनवर मास्टर करणाऱ्यांसाठी आणखी एक. २४एच२ कोरं बसवलं की डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. ते चालू असलं की सिसप्रेप ०एक्स८०३१००३९ म्हणून थांबतं. आधी बिटलॉकर पूर्ण उतरवा, उतरून होईस्तोवर थांबा, मग पुढं.

तूरडाळ_लातूर (१२ नोव्हेंबर, रात्री ८.४५)

झालं सिसप्रेप! पण एक फजिती सांगतो, हसू नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये असेंबल मशिनांचा लॅन ड्रायव्हर तपासता येईना. म्हणून मी शहाणपणा केला. इमेज एका असेंबल मशीनवर ओतली, ऑडिट मोडमध्ये ड्रायव्हर भरले आणि तिथंच सिसप्रेप केलं. मशीन बंद झालं. आता पेनड्राइव्ह लावून इमेज घ्यायची, तेवढ्यात लाइट गेली. रब्बीचं पाणी सुरू झालं की आमच्याकडं लाइटीचा हा खेळ ठरलेला. म्हटलं चला, चहा घेऊन येऊ. वीस मिनिटांनी आलो तर लाइट आलेली आणि पडद्यावर आमच्या पतसंस्थेचं स्वागत. मशीन आपोआप चालू होऊन, आन्सर फाइल वाचून, खातं उघडून तयार! त्या बोर्डाच्या बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' असं होतं आणि मला पत्ताच नाही.

एका अर्थी चाचणी झाली म्हणा. एकही प्रश्न न विचारता ते डेस्कटॉपपर्यंत पोचलं. पण मास्टर गेला तो गेलाच. परत स्नॅपशॉट, परत ड्रायव्हर, परत सिसप्रेप. या वेळी पेनड्राइव्ह आधी लावला, बूट क्रम बदलला, मग बटण दाबलं.

वायरमन_परभणी (१२ नोव्हेंबर, रात्री ९.०१)

लाइटीनं मास्टर खाल्ला म्हणायचा. मालक, चहा उलीसा कमी करा.

गोदाकाठ_नांदेड (१२ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

लिनक्सवाल्यांनी फार हसू नये म्हणून माझी पण फजिती नोंदवतो. उबुंटू सर्व्हरचे १२ डबे एकाच इमेजवरून टाकले, चालू केले आणि सगळ्यांना एकच आयपी मिळायला लागला. एक जोडला की दुसरा तुटायचा. मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डाचे नंबर, तर वेगळे होते! कारण सापडलं ते इटीसी फोल्डरातल्या मशीन-आयडी फाइलमध्ये. नेटवर्कची विनंती पाठवताना ओळख म्हणून मॅक नाही, त्या फाइलवरून तयार झालेला आकडा जातो आणि ती फाइल बाराही ठिकाणी एकच. इमेज घेण्याआधी ती रिकामी करायची. उडवायची नाही, रिकामी. पहिल्या बूटला ती स्वतः भरली जाते. एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) होस्ट चाव्या पण पुसा, नाहीतर बाराही दरवाजांना एकच किल्ली. विंडोज असो की लिनक्स, रोग एकच.

तूरडाळ_लातूर (१५ नोव्हेंबर, दुपारी ४.१०)

दोन अडचणी.

एक. फाइलमध्ये खात्याचं नाव 'काउंटर' वरून 'कर्मचारी' केलं. परत सिसप्रेप, परत इमेज, तरी नव्या मशीनवर 'काउंटर'च येतंय. फाइल दहा वेळा उघडून बघितली, 'कर्मचारी'च आहे.

दोन. प्रिंटर जोडायची स्क्रिप्ट सेटअपकम्प्लीट नावानं विंडोज, सेटअप, स्क्रिप्ट्स फोल्डरात ठेवली. व्हर्च्युअल मशीनमध्ये पळते, ब्रँडेड मशिनांवर पळतच नाही. ना एरर, ना काही.

सीताफळ_बीड (१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.००)

पहिलीचं उत्तर: या वेळी सिसप्रेप खिडकीतून टिचक्या मारून केलंत ना, अनअटेंड स्विच न देता? मग विंडोजनं मागच्या वेळची साठवलेली प्रत वापरली. ती विंडोजमधल्या पँथर फोल्डरात असते आणि स्विच नसला की तीच सापडते. कमांडनंच करा, पूर्ण पत्त्यासकट. आणि आधी ती जुनी प्रत उडवा.

दुसरीचं उत्तर मला एका रात्रीनंतर सापडलं होतं, तुम्हाला फुकट देते. मशीनसोबत आलेली ओईएम चावी असली की सेटअपकम्प्लीट बंद असतं. मुद्दाम बंद ठेवलेलं आहे, एंटरप्राइज आवृत्ती सोडून. तुमचं व्हर्च्युअल मशीन बिनचावीचं, म्हणून तिथं पळालं. ब्रँडेडच्या बायोसमध्ये चावी गाडलेली असते. म्हणून स्क्रिप्ट तिथून काढा आणि आन्सर फाइलमध्ये ओओबीई-सिस्टममध्ये फर्स्ट लॉगऑन कमांड्स आहेत, तिथं टाका. सोबत ॲडमिनिस्ट्रेटरचं एकदाच आपोआप लॉगिन लावा. मशीन उघडतं, स्क्रिप्ट पळते, फाइल पुसते, रीस्टार्ट.

खवा_भूम (१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५)

चावीचा विषय निघाला म्हणून. एका मशीनसोबत आलेल्या ओईएम विंडोजची इमेज करून पंचवीसवर टाकायची परवानगी त्या परवान्यात नसते. व्हॉल्यूम (घाऊक) परवाना आणि त्याचंच मीडिया घेतलं तर री-इमेजिंगचा हक्क मिळतो. ऑडिटरनं विचारायच्या आधी मॅनेजर साहेबांना सांगून ठेवा. आणि टॅलीचा परवाना इमेजमध्ये चालू करून ठेवू नका, तो प्रत्येक जागी नंतर.

तूरडाळ_लातूर (१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०)

परवान्याचं खरंय, सोमवारी बोलतो. व्हॉल्यूमचं दरपत्रक मागवलंय.

नावाचं काय करू? नाव सीरियल नंबरवरून द्यावं असं कुठं तरी वाचलं. ब्रँडेडवर झकास आलं. पण आठही असेंबल मशिनांचा सीरियल नंबर एकच येतोय: 'डिफॉल्ट स्ट्रिंग'!

गोदाकाठ_नांदेड (१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०)

हाहा. बोर्डवाल्यानं रकाना भरलाच नाही. काहींवर तर 'ओईएमनं भरावं' असंच छापून येतं. मॅक पत्त्यावर जा. वहीत २६ मॅक आणि २६ नावं लिहा, सीएसव्ही करून इमेजमध्ये ठेवा. आन्सर फाइलमध्ये नावाच्या जागी फक्त ताराचिन्ह द्या, म्हणजे विंडोज काहीबाही नाव ठेवून पुढं जातं. मग पहिल्या लॉगिनच्या स्क्रिप्टनं मॅक वाचायचा, यादीत शोधायचा, खरं नाव द्यायचं. नाव १५ अक्षरांच्या आत, आणि रोमनमध्येच हं.

तूरडाळ_लातूर (२३ नोव्हेंबर, रात्री ११.३०)

चौथा शनिवार आणि रविवार गाठून मुख्य कार्यालय उरकलं. सगळ्यांचा डेटा आदल्या आठवड्यात सर्व्हरवर घेऊन ठेवला होता.

इमेज दाबून १४ जीबी झाली. आमचा स्विच जुना, १०० एमबीपीएसचा. गणित मांडलं: सेकंदाला साधारण साडेअकरा एमबी धरले तर एका मशीनला २० मिनिटं, एकामागून एक १४ मशिनांना पावणेपाच तास. म्हणून क्लोनझिलाचा लाइट सर्व्हर लावला आणि मल्टिकास्टनं सगळ्यांना एकदम पाठवलं. इंटरनेटच्या राउटरची वायर काढून ठेवली, नाहीतर आयपी कुणी वाटायचा यावरून दोघांचं भांडण लागतं. मल्टिकास्टमध्ये सगळे सगळ्यात हळू डिस्कच्या चालीनं चालतात, दिंडीसारखं. एका असेंबल मशीनची एसएसडी रडकी निघाली, तिच्यापायी २० ची ३५ मिनिटं झाली. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टम चालू होऊ न देणारं कुलूप) सगळ्यांचं आधी बंद केलं, नंतर परत चालू. तीन ब्रँडेड मशिनांत डिस्कच दिसंना. बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची सोय) चालू होतं, ते बंद केल्यावर दिसली.

मग १४ ही एकदम चालू केली. मामा आणि मी खुर्च्या मधोमध घेऊन बसलो. काळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, एकदा रीस्टार्ट. कुणीच काही विचारलं नाही. एकेका पडद्यावर डेस्कटॉप उघडत गेला, स्क्रिप्टची निळी खिडकी यायची, जायची, परत रीस्टार्ट. मामा नावं वाचत फिरले: काउंटर एक, काउंटर दोन, कर्जविभाग एक. तेराव्यावर थांबले. 'साहेब, ह्यो डेस्कटॉप-काय-बाय म्हणतंय.' वहीत बघितलं, मॅकमध्ये बी च्या जागी मी ८ लिहिला होता. तेवढं एक हातानं.

परत 'हू-ॲम-आय' मारलं. मी डावीकडं, मामा उजवीकडं. पहिल्याच आकड्याला मामा म्हणाले, 'नाही जुळंना.' एवढं गोड नाही मी आजवर ऐकलं नव्हतं.

काउंटर दोनवरून काउंटर एकच्या प्रिंटरवर पासबुक छापलं. निघालं. फक्त ओळ अर्धा सेंटिमीटर वर चढतीय, कागदाचं मोजमाप नव्या ड्रायव्हरमध्ये मूळपदावर गेलंय. त्याचं सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी बघतो. औसा आणि निलंगा पुढच्या रविवारी, एसएसडी घेऊन एसटीनं.

वायरमन_परभणी (२३ नोव्हेंबर, रात्री ११.४१)

लई भारी मालक. त्या निळ्या खिडकीतली स्क्रिप्ट टाका की इथं. माझ्याकडं पण एका हापिसात ११ जुळे निघाले आज.